लायब्ररी सापडत नाही: एका एररचं आणि त्यावरच्या उपायांचं परीक्षण

पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतीच नोंदणी झालेल्या मंडळींकडून मला येणारे प्रश्न बहुतेक वेळा थिअरीचे नसतात. "ताई, काल चालत होतं. आज अपग्रेड केलं आणि म्हणतंय लायब्ररी नाही. काय करू?" असे असतात. मग मी एक कमांड सांगते, समोरचा ‘झालं, थँक्यू’ म्हणतो आणि आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागतो. नेमकं काय बिघडलं होतं ते त्याला कळत नाही. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मलाही कळत नव्हतं.

म्हणून या वेळी कमांड नंतर. आधी या एररकडे आपण परीक्षेतल्या उताऱ्याकडे बघतो तसं बघू, आणि मग त्यावर जे उपाय सर्रास सुचवले जातात त्यांचं परीक्षण करू. परीक्षण जरा कडक होईल, कारण अशाच एका झटपट उपायापायी मी माझ्या सहामाही सादरीकरणात तोंडावर आपटले आहे.

प्रसंग असा. माझं काम मराठी गद्यातल्या शब्दांवर आहे. मोठ्या मजकुरातून वेगवेगळे शब्द काढायचे, त्यांची वर्णक्रमाने यादी लावायची, त्यातला दर दहावा शब्द उचलायचा आणि त्या नमुन्याचं हाताने वर्गीकरण करायचं. भाषा आर, आणि मजकुराशी झटापट करण्यासाठी स्ट्रिंगी नावाचं पॅकेज. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, सादरीकरण दोन दिवसांवर आलेलं असताना, मी लॅपटॉप उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला आणि आरही नवीन करून घेतलं. दोन दिवस आधी हे कोण करतं? मी. अपग्रेडच्या शेवटी मशीनने विचारलं, जुनी, आता न लागणारी पॅकेजेस काढून टाकू का? मी घरातली रद्दी द्यावी तसं ‘हो’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रिप्ट चालवली तर पहिल्याच ओळीला अडकली. टायडीव्हर्स लोड होईना, कारण त्याला स्ट्रिंगआर हवं, त्याला स्ट्रिंगी हवं, आणि स्ट्रिंगीचं म्हणणं हे: ‘अनेबल टू लोड शेअर्ड ऑब्जेक्ट’, मग स्ट्रिंगीच्या एसओ फाइलचा लांबलचक पत्ता, मग ‘लिबआयसीयूआय१८एन डॉट एसओ डॉट ६६: कॅननॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. (मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली, आयसीयूत कोण आहे म्हणून. हे आयसीयू म्हणजे इंटरनॅशनल कंपोनंट्स फॉर युनिकोड.)

आता उतारा म्हणून वाचा. यात फाइलींची नावं दोन आहेत. पहिलं स्ट्रिंगीच्या स्वतःच्या फाइलचं, पूर्ण पत्त्यासकट, आणि डोळा तिथेच थांबतो. शेवटी लिहिलंय ‘अशी फाइल नाही’. मग आपण काय करतो? त्या पत्त्यावर जाऊन बघतो, तर फाइल तिथे शाबूत बसलेली. "आहे की! मग नाही काय म्हणतोस?" असं म्हणून आपण मशीनलाच खोटं पाडतो. पण ‘नाही’ हे विधान दुसऱ्या नावाबद्दल आहे. त्या नावापुढे पत्ताच नाही, कारण लोडरला ती कुठेच मिळालेली नाही. नाही त्या वस्तूचा पत्ता देणार कसा?

मजकूर अचूक आहे, पण कंजूष आहे, ही माझी पहिली तक्रार. ही वस्तू कोणाला हवी होती, कुठे कुठे शोधली, त्याच जातीची दुसरी एखादी मशीनवर आहे का, यातलं काहीच तो नीट सांगत नाही. वर एका वेळी एकच अडचण सांगतो. स्ट्रिंगीला आयसीयूच्या तीन फाइली लागतात, पण लोडर पहिली मिळाली नाही की तिथेच थांबतो. तुम्ही ती मिळवून दिलीत की दुसरीचं नाव घेतो, मग तिसरीचं. सरकारी खिडकीवर एक एक कागद मागतात तसं. सगळी यादी एकदम हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. त्यासाठी एलडीडी नावाची कमांड आहे. आरच्या पॅकेजसाठी ती ‘आर सीएमडी एलडीडी’ अशी चालवा, म्हणजे आर स्वतः जिथे जिथे बघतं तिथेही बघितलं जाईल. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसेल ती गायब.

पण या कंजूष मजकुरात एक गोष्ट फार मोलाची आहे आणि तीच आपण वाचत नाही. ती म्हणजे शेवटचे ६६.

लिनक्सवर प्रोग्राम कंपाइल होतो तेव्हा तो बाहेरच्या लायब्ररीचा कोड आपल्यात भरून घेत नाही, फक्त तिचं नाव लिहून ठेवतो. चालवायच्या वेळी लोडर ते नाव घेऊन ठरलेल्या जागी शोधतो. नावाच्या शेवटचा आकडा म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याने दिलेला शब्द असतो: हा आकडा तोच आहे तोवर जुन्या प्रोग्रामला दगाफटका होणार नाही, आणि आकडा बदलला तर जुन्या प्रोग्रामने आमच्यावर विसंबू नये. उबंटू १८.०४ मध्ये आयसीयू ६० होतं, २०.०४ मध्ये ६६, २२.०४ मध्ये ७०. माझं स्ट्रिंगी २०.०४ वर कंपाइल झालेलं, त्यामुळे त्याच्या पोटात ६६ लिहिलेलं. ६६ मी रद्दीत दिलं होतं. म्हणजे एररचं म्हणणं एवढंच होतं: माझी बोलणी ६६ शी झाली होती, इथे ७० बसलाय, मी त्याच्याशी व्यवहार करणार नाही.

हे एकदा समजलं की उपायांकडे बघायची नजर बदलते.

सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे सिमलिंक. ७० च्या फाइलला ६६ नावाचा दुवा करून द्या, लोडर फसतो, काम चालू. एका ओळीचा उपाय, वर ‘माझ्याकडे चाललं’ असा अनुभवी दिलासा. विद्यार्थ्यांनो, हा उपाय म्हणजे दुसऱ्याचं हॉल तिकीट लावून परीक्षेला बसणं आहे. कधी कधी खरंच चालतं, आणि त्यामुळेच तो टिकून आहे. लायब्ररीत फारसा फरक झाला नसेल तर प्रोग्राम चालतो. फरक झाला असेल तर तीन शक्यता: लगेच कोसळेल, मध्येच कोसळेल, किंवा कोसळणार नाही आणि एखाद्या फंक्शनला वेगळ्याच आकाराची माहिती देऊन भलतंच उत्तर आणेल. संशोधकाने फक्त तिसऱ्या शक्यतेला घाबरावं. पहिल्या दोन आपल्याला निदान कळतात.

मी अर्थातच सिमलिंक केली. एक केली, दुसऱ्या फाइलचं नाव आलं. दुसरी केली, तिसरीचं आलं. तिसरी केली आणि मग एरर बदलला: ‘अनडिफाइन्ड सिंबॉल’, आणि पुढे एका फंक्शनचं नाव, ज्याच्या शेपटीला पुन्हा ६६. इथे मला आयसीयू लिहिणाऱ्यांबद्दल आदर वाटला. त्यांनी आकडा फाइलच्या नावापुरता ठेवलेला नाही, आतल्या फंक्शनांच्या नावांतही तो जोडतात. म्हणजे पाटी बदलून कोणी आत घुसलंच तरी आतला प्रत्येक जण नाव विचारतो. सगळ्या लायब्ऱ्या इतक्या काटेकोर नसतात. ज्या नसतात त्यांच्याबाबत सिमलिंक ‘चालते’, आणि काय चाललंय हे तुम्हाला कधीच कळत नाही.

दुसरा उपाय, एलडी लायब्ररी पाथ हा व्हेरिएबल बॅशआरसीत लिहून टाकणे. लायब्ररी मशीनवर खरोखर आहे पण वेगळ्या फोल्डरात, तेव्हा याला अर्थ आहे. आमच्या बाबतीत ती नव्हतीच. शिवाय तो त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतो, आणि मेनूवर क्लिक करून उघडलेल्या आरस्टुडिओला बहुधा लागू होत नाही. "टर्मिनलमध्ये चालतं, आरस्टुडिओत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

तिसरा उपाय जुनं आयसीयू ६६ जुन्या उबंटूच्या संग्रहातून आणून बसवण्याचा. जाणकार याला नाकं मुरडतात, पण सिमलिंकपेक्षा मी याला वरचे मार्क देईन. पॅकेजच्या नावातच आकडा असल्यामुळे ६६ आणि ७० शेजारी शेजारी राहू शकतात, आणि जुन्या कोडला खरोखर त्याचीच लायब्ररी मिळते. त्यात फसवणूक नाही. पण नव्या उबंटूकडून त्या पॅकेजला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. आणि एक गंमत होते: आर स्वतः ७० वापरतं, स्ट्रिंगी ६६ वापरतं, म्हणजे एकाच सेशनमध्ये आरचं साधं सॉर्ट एका आवृत्तीच्या नियमांनी यादी लावतं आणि स्ट्रिंगीचं सॉर्ट दुसऱ्या. एका रात्रीपुरता उपाय म्हणून ठीक, प्रबंधाचा पाया म्हणून नाही.

आता आरवरही थोडी टीका करायला हवी, कारण सापळा त्याच्या रचनेतच आहे. आर तुमची पॅकेजेस होम फोल्डरमध्ये आवृत्तीच्या नावाने ठेवतं: ४.१ ची वेगळ्या फोल्डरात, ४.२ ची वेगळ्या. त्यामुळे ४.१ वरून ४.२ वर गेलात की पॅकेजेस ‘नाहीशी’ होतात, तुम्ही वैतागता, सगळी परत टाकता. हा त्रास खरं तर तुमच्या भल्याचा असतो, कारण नव्याने टाकताना सगळं नव्या मशीनच्या लायब्ऱ्यांशी जुळवून घेतं. पण फोल्डरच्या नावात आरची आवृत्ती असते, उबंटूची नसते. माझं आर आधीही ४.२ होतं, नंतरही ४.२ च राहिलं, फक्त शेवटचा आकडा पुढे गेला. फोल्डर तोच, पॅकेजेस तीच, खालची जमीन मात्र बदललेली. ‘अपडेट पॅकेजेस’ला ‘चेक बिल्ट’ लावा, असा सल्ला अशा वेळी हटकून मिळतो. तो इथे कुचकामी आहे. ते फक्त पॅकेज कुठल्या आरखाली बांधलं एवढंच बघतं, आणि ४.२ ला ४.२ दिसलं की समाधानाने गप्प बसतं.

तर त्या सकाळी मी काय केलं? अकरा वाजले होते, गाईडना दुपारपर्यंत स्लाइड्स हव्या होत्या. मी विचार केला, स्ट्रिंगी कशाला हवं? यादी वर्णक्रमाने तर लावायची आहे. आरचं स्वतःचं सॉर्ट आहे की. कुठेतरी वाचलेलं की ‘रेडिक्स’ पद्धत लावली की ते खूप वेगात होतं, तीही लावली. स्ट्रिंगीची ओळ काढली, स्क्रिप्ट झर्रकन चालली. एकही एरर नाही. माझा आनंद काय वर्णावा.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर शब्दयादीचं एक पान स्क्रीनवर होतं. समितीतल्या एक ज्येष्ठ बाई बराच वेळ त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हा ‘क्षण’ इथे ‘क्वचित’ आणि ‘खडक’ यांच्या मध्ये काय करतोय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. रेडिक्स पद्धतीने लावलेली यादी कुठल्याही भाषेचा वर्णक्रम पाळत नाही, ती युनिकोडमधले क्रमांक बघते. युनिकोडमध्ये ‘क्ष’ असं स्वतंत्र अक्षर नाही, ते क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत, म्हणून ‘क्षण’ क च्या घरात शेवटी जाऊन बसतो. ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढचा आहे, म्हणून ‘काल’ला लागून ‘काळ’ येतो आणि ‘कावळा’ त्यानंतर. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. हा मराठीचा क्रम ज्याला माहीत असतो तो आयसीयू, आणि त्यालाच मी त्या सकाळी कामावरून काढलं होतं.

यादी फक्त दिसायला वेडीवाकडी झाली असती तर हसून सोडलं असतं. पण मी दर दहावा शब्द उचलत होते. क्रम बदलला की दहावा कोण हेही बदलतं. मागच्या सहामाहीत ज्या नमुन्याचं हाताने वर्गीकरण केलं होतं तो आणि आताचा नमुना एकमेकांशी जुळेना, आणि दोन्हींची टक्केवारी मी एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडली होती. बाईंनी पुढचा प्रश्न तोच विचारला. तो तक्ता मागे घ्यावा लागला, आणि पुढच्या सहामाहीत सुधारित आकडे दाखवीन असं लिहून द्यावं लागलं.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. ज्या एररने मला सकाळभर रडवलं त्याने माझ्या आकड्यांना धक्काही लावला नव्हता. तो दारात उभा राहून ‘मी चुकीच्या लायब्ररीबरोबर काम करणार नाही’ एवढंच म्हणत होता. आकडे बिघडवले ते विनातक्रार चाललेल्या ओळीने. आणि हे माझ्यापुरतं नाही. २०१९ मध्ये आर ३.६.० आलं तेव्हा ‘सॅम्पल’ फंक्शनची आतली पद्धत सुधारली गेली. तोच सीड दिला तरी यादृच्छिक नमुना वेगळा येऊ लागला. बदल योग्य होता, जाहीर केलेला होता, जुनी पद्धत परत मागायची सोयही ठेवली होती. पण अपग्रेडनंतर स्क्रिप्ट अडत नव्हती, त्यामुळे ज्यांनी बातमी वाचली नाही त्यांना कळायला मार्ग नव्हता.

म्हणून ‘एरर कसा घालवू?’ हा प्रश्नच मला आता खटकतो. ‘हा कोणता आकडा मागतोय आणि माझ्याकडे कोणता आहे?’ असं विचारा. एलडीडी चालवा, आकडा बघा, आणि ज्याने तो मागितला त्याला नव्या जमिनीवर पुन्हा बांधा. आरमध्ये इन्स्टॉल्ड पॅकेजेसचा तक्ता मागवला की त्यात ‘नीड्स कंपायलेशन’ असा एक रकाना असतो. त्यात ‘येस’ असलेली तुमच्या होम फोल्डरमधली झाडून सगळी पॅकेजेस परत टाका. एकेक एरर येईल तसं एकेक टाकत बसू नका. वेळ लागतो, लॅपटॉप तापतो, चहा होतो.

हे करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. तुम्ही तयार बांधलेली पॅकेजेस देणारा संग्रह वापरत असाल तर त्याच्या पत्त्यात उबंटूचं टोपणनाव असू शकतं, २०.०४ चं ‘फोकल’, २२.०४ चं ‘जॅमी’. उबंटू बदललं आणि पत्त्यात ‘फोकल’च राहिलं, तर परत परत टाकूनही जुन्या लायब्ररीशी जोडलेलंच पॅकेज येत राहतं आणि तोच एरर पुन्हा. दुसरं, स्ट्रिंगी कंपाइल होताना मशीनवर आयसीयूची डेव्ह फाइल नसेल तर ते स्वतःबरोबर आणलेलं आयसीयू बांधून घेतं. काम चालतं, पण तुमचं आणि लॅबमधल्या मशीनचं आयसीयू वेगळं असू शकतं. स्ट्रिंगीचंच ‘स्ट्री इन्फो’ हे फंक्शन चालवा. आयसीयू कुठलं, युनिकोड कुठलं, सिस्टिमचं की स्वतःचं, सगळं सांगतं.

आणि रेनव्हबद्दल, कारण कार्यशाळांमध्ये हल्ली रेनव्ह वापरा म्हटलं की पुनरुत्पादनक्षमतेचा विषय संपतो. रेनव्ह चांगलंच आहे, मी वापरते. पण त्याच्या लॉकफाइलमध्ये आरची आणि पॅकेजेसची आवृत्ती असते, त्यांच्या खालच्या सिस्टिम लायब्ऱ्यांची नसते. माझ्या लॉकफाइलमध्ये स्ट्रिंगीची आवृत्ती आधीही बरोबर होती, नंतरही. सेशन इन्फोही आयसीयूचा आकडा छापत नाही. त्यासाठी आरमध्ये ‘एक्स्ट सॉफ्ट व्हर्जन’ असं वेगळं फंक्शन आहे. सगळंच गोठवून ठेवायचं तर डॉकर इमेज करावी लागते. ते शिकायला एक आठवडा जातो आणि तो आठवडा बहुतेक गाईडना वाया गेलेला वाटतो.

मी यादी नंतर पुन्हा लावली, या वेळी स्ट्रिंगीला मराठी लोकेल स्पष्टपणे देऊन, आणि पुढच्या सहामाहीत जुना आणि नवा नमुना का वेगळा आला त्याची एक स्लाइड दाखवली. ‘क्षण’ आता ‘ज्ञ’च्या आधी, जिथे असायला हवा तिथे आहे. पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ घातली आहे: वर्णक्रम मराठी, आयसीयू ७०, युनिकोड १४. मसुदा वाचताना गाईडनी तिच्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘हे इथे कशाला?’ मी ती काढलेली नाही.